१३ संघ, एक खेळाडू: एनबीएतला जर्नीमन टिकतो कसा?

नमस्कार मंडळी! एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथल्या इश स्मिथचं नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. उंची सहा फूट, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, कुणीही निवडलं नाही. २०१० साली ह्यूस्टनकडून सुरुवात केली. २०२३ मध्ये डेन्व्हरसोबत विजेतेपद मिळवलं, तेव्हा डेन्व्हर हा त्याचा तेरावा संघ होता. त्याआधीचा विक्रम होता १२ संघांचा.

अशा खेळाडूला बास्केटबॉलच्या भाषेत जर्नीमन म्हणतात. इतके संघ बदलले म्हणजे खेळात काहीतरी कमी असणार, असं आपण पटकन बोलून जातो. पण बऱ्याचदा कारण खेळात नसतं, करारात असतं. तेवढं एक गणित आधी समजून घेऊ.

एनबीएत किमान पगार अनुभवानुसार वाढतो. दहा वर्षं खेळलेल्याचा किमान पगार नवख्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. मग संघ स्वस्तातला नवखाच घेईल ना? तसं होऊ नये म्हणून लीगने एक सोय ठेवली आहे. अनुभवी खेळाडूने किमान पगारावर एका वर्षाचा करार केला, तर संघाच्या खिशातून दोन वर्षं अनुभव असलेल्या खेळाडूच्या किमान पगाराएवढीच रक्कम जाते. वरचा फरक लीग भरते. सॅलरी कॅपमध्येही, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेतही, छोटाच आकडा धरला जातो.

आता नीट बघा, ही सवलत फक्त एका वर्षाच्या करारावर आहे. दोन वर्षांचा करार मागितला की सवलत गेली आणि खेळाडू महाग झाला. म्हणून तो दर उन्हाळ्यात मोकळा होतो आणि दर उन्हाळ्यात नवा संघ शोधतो. ज्या नियमामुळे त्याला काम मिळतं, तोच नियम त्याला फिरता ठेवतो.

जागाही मोजक्याच. ३० संघ, प्रत्येकाकडे १५ नियमित जागा. शिवाय ३ टू-वे जागा. टू-वेवाला जी लीग (एनबीएचीच खालची लीग) आणि एनबीए दोन्हीकडे खेळतो, पण एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांत, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, अजिबात नाही. चार वर्षं सेवा झाली की तो दरवाजाही बंद. म्हणजे तिशीतल्या जर्नीमनला त्या १५ मध्येच बसावं लागतं.

त्याचं कॅलेंडर तारखांवर चालतं. ऑक्टोबरच्या सराव कॅम्पला २१ जण असतात, मोसम सुरू होण्याआधी कपात होते. १० जानेवारीला करार उरलेल्या मोसमासाठी पक्के होतात, म्हणजे नंतर सोडलं तरी पगार द्यावाच लागतो. वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीवर, टाकलेला खेळाडू इतर संघांना घेता यावा म्हणून ४८ तास तिथे राहतो, त्यामुळे ज्याला सोडायचं त्याला ७ जानेवारीपर्यंतच सोडावं लागतं. जानेवारीचा पहिला आठवडा या माणसांसाठी फार जीवघेणा असतो.

पण ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करारही सुरू होतात. मुदत दहा दिवस किंवा तीन सामने, यांतलं जे जास्त असेल ते. एका संघाला एकाच खेळाडूशी मोसमात असे दोनच करार करता येतात. तिसऱ्या वेळी मोसम संपेपर्यंत ठेवा, नाहीतर सोडा. गॅरेट टेंपलने २००९-१० च्या पहिल्याच मोसमात ह्यूस्टन, सॅक्रामेंटो आणि सॅन अँटोनियो असे तीन संघ पाहिले. पुढे तो एक तपाहून जास्त काळ टिकला.

या दहा दिवसांत सगळ्यात मोठी चूक कुठली? गुण मिळवून दाखवायची घाई. गुण करणारे संघाकडे आधीच असतात. नव्या माणसाकडून हवं असतं ते अचूक काम: कोपऱ्यात योग्य जागी उभं राहणं, मोकळा तीन गुणांचा शॉट न कचरता मारणं, बचावात चूक न करणं.

बचावातली चूक कशी होते ते एका उदाहरणावरून बघू. साइडलाइनजवळ पिक अँड रोल चालू आहे, म्हणजे चेंडूवाल्याचा साथीदार बचाव करणाऱ्याची वाट अडवून मग बास्केटकडे पळतो. चेंडूवाल्याला मधे येऊ द्यायचं नाही, कडेलाच कोंडायचं. डाव एकच, पण एक संघ त्याला ‘आइस’ म्हणतो, दुसरा ‘ब्लू’, तिसरा ‘डाउन’. मागून सेंटर (बास्केटजवळ उभा राहणारा उंच खेळाडू) ओरडला ‘ब्लू!’ आणि तुमच्या डोक्यात अजून जुन्या संघाची भाषा असेल, तर तुम्ही अर्धा सेकंद थबकता. तेवढ्यात समोरचा मधून घुसून बास्केटपर्यंत पोचलेला असतो. कोचला तुमची अडचण दिसत नाही, चूक दिसते. म्हणून मुरलेला जर्नीमन पहिल्याच दिवशी सहायक कोचला गाठून जुन्या नावासमोर नवं नाव लिहून काढतो. डाव त्याला पाठ असतातच, नावं बदलून घ्यायची असतात.

एनबीएत जागाच नसेल तर परदेश. पी. जे. टकर २००६ मध्ये ३५ व्या क्रमांकावर निवडला गेला, पहिल्या मोसमात १७ सामने खेळला आणि सुटला. मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी. २०१२ मध्ये फिनिक्सने परत बोलावलं आणि २०२१ मध्ये मिलवॉकीसोबत तो विजेता झाला. परदेशी करारात दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. एक, एनबीएचं बोलावणं आलं तर सुटता येतं का. कारण ‘फिबा’चं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं) क्लिअरन्स पत्र मिळाल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नाही. दुसरी, पगार थकला तर वाद कुठे जाणार. ‘फिबा’च्या लवादाचं कलम करारात लिहिलेलं असेल तरच तिथे दाद मागता येते. हे कलम नसलेल्या करारावर सही करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आता पेन्शन. मोसमात एक दिवस जरी संघाच्या यादीत नाव लागलं, तरी सेवेचं एक वर्ष धरलं जातं. आणि तीन वर्षं भरली की लीगची पेन्शन लागू होते. ज्याची दोनच वर्षं झाली आहेत, त्याला एप्रिलमध्ये मोसमाच्या शेवटच्या आठवड्यापुरता कुठल्याही संघाचा फोन आला, तरी तो रात्रीच्या विमानाने निघतो.