फोटो खरा, हॉल रिकामा

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

बसा बसा, पुढे या की जरा, मागे तसाही पंखा चालत नाही. मोबाईल बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट काढा बाहेर. ह्या पोराने मघाशी माझ्या सांगण्यावरून दोन फोटो काढलेत. पहिला इथून, माझ्या शेजारून, पुढच्या तीनच ओळी घेऊन. दुसरा मागच्या दारातून. पहिल्यात हॉल खचाखच भरलाय, पाय ठेवायला जागा नाही असं वाटतं, आणि दुसऱ्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, कोपऱ्यात सतरंज्यांची गुंडाळी आणि एक काका चक्क डुलक्या घेतायत. दोन्ही फोटो खरे आहेत हां, एडिटिंग काही नाही. एवढंच सांगायला आलोय मी खरं तर, की कॅमेऱ्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही, तो फक्त कुठे उभा आहे आणि कुठे थांबलाय तेवढ्यावर काम होतं.

आता लांब उभं राहून झूम करायचं म्हटलं की अजून गंमत. पुढची माणसं आणि मागची माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसायला लागतात. २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, डेन्मार्कमधल्या फोटोग्राफरांनी मुद्दाम हे करून दाखवलं होतं, तीच जागा, तीच माणसं, पण लांबून टेलिफोटो लेन्सने काढलं तर लोक एकमेकांच्या अंगावर उभे, आणि बाजूने वाइड लेन्सने काढलं तर मधे व्यवस्थित अंतर. ‘लोक ऐकतच नाहीत’ ही बातमी कुठल्या फोटोवर छापली जाईल ते तुम्हीच ठरवा. कॅमेरा खालून लावला की पुढारी उंच आणि वरून लावला की बिचारा, हे तर तुम्ही बॅनरवर रोज बघता, त्यावर वेळ घालवत नाही.

खरा खेळ जोडकामात आहे. रशियात शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशोव नावाचा एक दिग्दर्शक होता. त्याने मोझझुखिन नावाच्या नटाचा एकच शॉट घेतला, चेहऱ्यावर काहीही नाही, कोरा. तो एकदा सूपच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलीला, एकदा कोचावर पहुडलेल्या बाईला. आणि लोक म्हणाले वा, काय अभिनय, भूक काय, दुःख काय, असं सांगतात. ती मूळ फिल्म आज शिल्लक नाही, पण युक्ती जिवंत आहे, रोज रात्री तुमच्या घरात चालते. गाण्याच्या स्पर्धेत पोरगी गाते आणि लगेच परीक्षकांचे भरलेले डोळे दिसतात, आता ते डोळे त्याच गाण्याला भरले होते की दोन तासांपूर्वी कुणाच्या तरी आईची गोष्ट ऐकताना, हे आपल्याला कोण सांगणार? आपण मात्र सोफ्यावर बसून रडून मोकळे.

बरं, मग तुम्ही म्हणाल की ज्यात एडिटिंगच नाही ते तरी खरं मानायचं ना, म्हणजे सीसीटीव्ही. वरच्या कोपऱ्यातून, जरा धूसर, म्युझिक नाही. इथेच आपण फसतो. कराचीत एका संस्थेने पालकांसाठी छोटी फिल्म केली होती, अगदी सीसीटीव्हीसारखी दिसणारी. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एकाला उचलून नेतात. आणि मग परत येतात, पोराला खाली सोडतात, आणि हातातला फलक दाखवतात, की बघा, मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. २०१८ मध्ये ही क्लिप आपल्याकडे देशभर फिरली, शेवट कापून. बस, शेवटचे काही सेकंद काढले आणि जनजागृतीची अफवा झाली.

आणि प्रेक्षक बदलला, हे जास्त महत्त्वाचं वाटतं मला. ती फिल्म कराचीतल्या आईबापांसाठी होती, ती आली आपल्या फॅमिली ग्रुपवर, मावशीने पाठवली, खाली लिहिलेलं की आपल्या भागात टोळी आलीये. आपण व्हिडिओवर विश्वास नाही ठेवत हो, मावशीवर ठेवतो.

त्याच वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, मुलं पळवणारी समजून. बाजाराचा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं त्यांना. त्या गर्दीतल्या कुणाच्या फोनमध्ये नेमकी कुठली क्लिप होती ते मी सांगत नाही, पण अफवा मोबाईलवरूनच आली होती. आणि त्या मारहाणीचेही लोकांनी व्हिडिओ काढले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, की मग आम्ही ओळखायचं कसं, आम्ही काय स्टुडिओत काम करतो? नाही ना. पण ताई, तुम्ही भाजी घेताना वरचे टोमॅटो बाजूला करून खालचे बघताच की. तसंच, क्लिप सुरू व्हायच्या आधी काय झालं असेल आणि कापल्यानंतर काय, कॅमेरा कुणी आणि का धरला असेल, आणि मुळात हे माझ्यासाठी बनवलं होतं का, एवढं विचारा. उत्तर नाही मिळालं तर पाठवू नका, मावशीला राग आला तर येऊ दे, दिवाळीला भेटाल तेव्हा बघू.

चला, आता थांबतो. आणि हो, आयोजकांनी तेवढ्यात आजच्या कार्यक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकलाय, मलाही आलाय, ‘उदंड प्रतिसाद’ असं लिहिलंय खाली. तीन ओळींचाच आहे.