शून्यावर अडलेला काटा

(दृश्य : अंतराळ स्थानकात तरंगणारा अंतराळवीर. पायाशी वजनकाटा.)

काट्यावर आकडा शून्य. काटा बिघडलेला नाही. आणि गुरुत्वाकर्षणही संपलेलं नाही. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. पण स्थानक, माणूस आणि काटा, तिघंही एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात. मग काट्यावर दाब पडणार कसा?

इथे महिनोन् महिने राहणारा माणूस हडकला की नाही, हे ओळखायचं कशावरून?

ढकलून.

(दृश्य : रिकामी आणि भरलेली हातगाडी.)

रिकामी गाडी एका धक्क्यात पळते. भरलेली तेवढ्याच धक्क्याला जेमतेम हलते. कुणी म्हणेल, ओझ्याने चाकं घासतात. घासतातच. पण घर्षण पार काढून टाकलं, तरी भरलेली गाडी वेग सावकाशच घेणार. वेग बदलू पाहणाऱ्याला वस्तू जो विरोध करते, त्याचं माप म्हणजे वस्तुमान. वजन वेगळं, ती गुरुत्वाची ओढ. ७० किलोग्रॅमच्या माणसाचं वजन पृथ्वीवर सुमारे ६८६ न्यूटन, चंद्रावर त्याच्या सहाव्या हिश्शाइतकं. वस्तुमान दोन्हीकडे ७०च.

बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. शाळेत घोकलेलं हे सूत्र न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात या रूपात नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात. गतीतला बदल बलाच्या प्रमाणात आणि बलाच्याच दिशेने होतो, असं त्याने शब्दांत मांडलं होतं. आपल्या ओळखीचं समीकरण आलं ते पुढच्या शतकात, गणितज्ञ ऑयलरच्या लेखणीतून.

(दृश्य : स्प्रिंगच्या यंत्राला धरून बसलेला अंतराळवीर.)

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका यंत्रात हेच सूत्र उलट्या बाजूने वापरतात. स्प्रिंग माणसाला ओढते. बल ठाऊक असतं, त्वरण मोजायचं, की भागाकार उरतो. हिशेबापुरतं धरू : बल १४० न्यूटन, त्वरण २, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदामागे २ मीटरने वाढतो. वस्तुमान ७० किलोग्रॅम. काही आठवड्यांनी तेवढ्याच बलाने त्वरण २.०९ भरलं, तर माणूस आता ६७ किलोग्रॅमचा. ओढ तीच, पण तो अधिक चटकन हलला.

१९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर याच कामासाठी स्प्रिंगवर झुलणारी खुर्ची होती. तिथे मोजायचा तो एका झोक्याला लागणारा वेळ. वस्तुमान चौपट झालं, तर झोक्याला दुप्पट वेळ लागतो.

अडचण एकच, आणि ती माणसाचीच. तो लोखंडाचा ठोकळा नाही. खुर्ची मागे येते तेव्हा हात ढिले असले तर मागे रेंगाळतात, पोटातलं पाणी डचमळतं, आणि मोजणी चुकते. म्हणून त्याला अंग आखडून, पट्ट्यांनी खुर्चीशी घट्ट आवळून बसवायचं आणि मगच खटका सोडायचा.