कोयना, नवजा, महाबळेश्वर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात आकाशवाणीच्या बातम्यांत तीन नावं नेहमी एका दमात येतात: कोयना, नवजा, महाबळेश्वर. या तीन ठिकाणी चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला, ते सांगितलं जातं. हीच तीन का, ते कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या भूगोलात दडलं आहे.

महाबळेश्वरला कोयनेचा उगम. तिथेच कृष्णा आणि वेण्णाही उगम पावतात. त्या पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र सरळ दक्षिणेला निघते. तिच्या उजव्या हाताला सह्याद्रीचा मुख्य कडा, डाव्या हाताला बामणोलीची डोंगररांग. या दोन भिंतींमधून वाहत ती हेळवाकला पोचते, मग पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वळणाच्या जरा वर, देशमुखवाडीला धरण बांधलं आणि मागची अरुंद दरी भरत गेली. म्हणून हा जलाशय गोल नाही, लांबच लांब आहे.

नकाशा उघडून तापोळ्यावर बोट ठेवा. पूर्वेकडून सोळशी, पश्चिमेकडून कांदाटी, मधून कोयना. आज तिथे नद्या दिसत नाहीत, त्यांच्या दऱ्यांत शिरलेलं पाणी दिसतं. बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे लाँचने जाताना काठ सारखा आत-बाहेर होत राहतो. आत गेलेली प्रत्येक खाच म्हणजे एखाद्या ओढ्याचं बुडालेलं तोंड. मे महिन्यात पाणी उतरलं की काठाला लाल मातीचा उघडा पट्टा पडतो आणि त्यातून तेच ओढे पुन्हा आपल्या जुन्या वाटेने खाली उतरताना दिसतात.

पश्चिमेचे ओढे मला विशेष वाटतात. घाटमाथा जवळच असल्याने त्यांची धाव आखूड आणि उतार तीव्र. नवजा याच बाजूला; तिथला ओझर्डे धबधबा अनेकांनी पाहिला असेल. इथे रात्री कोसळलेला पाऊस जलाशयात यायला फार वेळ लागत नाही. महाबळेश्वरचं पाणी मात्र सगळी दरी उतरून येतं. म्हणजे एक आकडा उगमाचा, एक घाटमाथ्याचा, एक धरणाच्या भिंतीजवळचा. तिन्ही मिळून सगळ्या पाणलोटाचा, म्हणजे ज्याचं पाणी जलाशयात उतरतं त्या क्षेत्राचा, अंदाज येतो.

हा पाणलोट सुमारे 892 चौरस किलोमीटरचा. हिशेब मांडून पाहा: एवढ्या क्षेत्रावर 32 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर जवळपास एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी होतं. प्रत्यक्षात काही मातीत मुरतं, पण आषाढात जमीन तुडुंब भिजलेली असते, मुरायला जागा फारशी उरत नाही. धरणाची क्षमता 105 टीएमसी. चार-पाच दिवस सलग दोन-दोनशे मिलिमीटर पाऊस झाला की पाटण-कऱ्हाडची माणसं धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातमीकडे कान लावून का बसतात, ते यावरून कळेल.

आणखी एक गोष्ट. निसर्गाच्या उताराने हे सगळं पाणी बंगालच्या उपसागराचं. पण कडा जवळ आणि त्याच्या पायथ्याशी कोकण चारशेहून अधिक मीटर खाली, म्हणून बोगद्यांतून ते पश्चिमेला वळवलं. पोफळीला त्यावर वीज होते आणि पुढे वाशिष्ठीतून, चिपळूणवरून, ते अरबी समुद्राला मिळतं.

या विजेसाठी दरीतली गावं उठली. काहींना थेट रायगड, ठाणे, सोलापूर जिल्ह्यांत जावं लागलं. जे वर सरकून राहिले, त्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना आजही बाजाराला आणि दवाखान्याला जाताना लाँचचा आधार लागतो. ऐन पावसात, वारा सुटलेला असताना, आजारी माणसाला घेऊन पलीकडे जाणं काय असतं, ते त्यांनाच ठाऊक. जलाशयाच्या नकाशावर त्यांची गावंही ठळक अक्षरात हवीत.

नमस्कार.