गर्भाशयातील जाळे पुन्हा धरू नये म्हणून

श्रोते हो, नमस्कार. धार-खरगोनकडून इंदूरला येऊन गर्भाशयातील जाळे काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रिया जाताना विचारतात, "पिशवी मोकळी झाली ना, मग पुन्हा कशाला यायचं?" आज मला याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर वार अडकल्यामुळे क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ करावे लागते, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा खोलवरचा, नवे अस्तर निर्माण करणारा थर खरवडला जाण्याची शक्यता असते. गर्भाशयाच्या पुढच्या व मागच्या भिंती एरवीही एकमेकींना टेकलेल्या असतात; त्या उघड्या पडल्या की चिकटतात आणि मध्ये जाळे तयार होते. पाळी अगदी कमी होते किंवा थांबते, गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग हेही याचे महत्त्वाचे कारण आहे. तो असेल तर आधी त्याची औषधे पूर्ण व्हायला हवीत.

दुर्बिणीतून हे जाळे कापता येते. परंतु कापलेली जागा ही पुन्हा जखमच असते, आणि सौम्य वा मध्यम प्रकारात सुमारे तिघींपैकी एकीला, तर गंभीर प्रकारात तिघींपैकी दोघींपर्यंत जाळे पुन्हा धरते. म्हणून शक्य तेथे विजेच्या उपकरणाऐवजी बारीक कात्रीने काम करणे अनेक शल्यचिकित्सकांना पसंत असते, कारण त्यात उरलेले अस्तर भाजत नाही. त्यानंतर काही दिवस गर्भाशयात छोटा फुगा ठेवून भिंती दूर राखतात, किंवा हायलुरोनिक आम्लाचे जेल सोडतात. जेलने जाळे कमी धरते असे दिसते. त्यामुळे मूल होण्याचे प्रमाण वाढते, असे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. गर्भनिरोधक तांबी (कॉपर-टी) यासाठी योग्य नाही, कारण तांब्याने दाह वाढतो.

अस्तर लवकर भरून यावे म्हणून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या काही आठवडे देतात. पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे.

यातील सर्वांत उपेक्षित उपाय म्हणजे दुसऱ्यांदा दुर्बिणीने पाहणे. ही तपासणी शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे दोन आठवडे ते दोन महिन्यांच्या दरम्यान होते. तेव्हा नव्याने धरू लागलेले जाळे विरळ असते आणि दुर्बिणीच्या टोकानेही सुटते. पुढे तेच जाड होते आणि पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. पाळी सुरू झाली म्हणून ही तपासणी टाळणे मला धोक्याचे वाटते, कारण पाळी येत असतानाही एखादा कोपरा बंद होत असू शकतो. ज्या घरी सून एकटी प्रवास करू शकत नाही, तेथे दुसऱ्या खेपेची तारीख आणि सोबतीचे माणूस शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावे.

दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत या शस्त्रक्रियेचे कागद दाखवावेत. अशा गर्भारपणात वार गर्भाशयाला खोलवर चिकटण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे सोनोग्राफीत वारेची जागा मुद्दाम पाहून घ्यावी आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे.