तरस, तडस, हायना

बालाघाटाच्या डोंगरात दिवस मावळला की कपारीतून एक जनावर बाहेर पडतं. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, म्हणून पाठ शेपटीकडं उतरत गेलेली. राखी अंगावर काळे पट्टे. मोटारसायकलच्या उजेडात ते क्षणभर दिसतं आणि सकाळी गावात बोभाटा होतो, ‘बिबट्या आला!’ काठ्या-कुऱ्हाडी निघतात. जाणतं माणूस मात्र आधी चिखलातला माग बघतं. बिबट्या नखं आत ओढून चालतो. इथं प्रत्येक बोटापुढं नख उमटलंय.

“बिबट्या न्हाई बाबांनो, तडस हाय ते.”

तडस म्हणा, तरस म्हणा, शब्द फार जुना. संस्कृतात तरक्षु, प्राकृतात तरच्छ, मराठीत तरस. शुक्ल यजुर्वेदाच्या 24 व्या अध्यायात काळा कुत्रा, गाढव आणि तरक्षु हे तिघं एकाच ओळीत राक्षसांच्या वाट्याला दिलेत. म्हणजे या बिचाऱ्याची बदनामी तेव्हापासूनची!

इंग्रजीतला ‘हायना’ आला ग्रीक भाषेतून. ग्रीकमध्ये ‘हुस’ म्हणजे डुक्कर, त्यावरून ‘हुआइना’. आता या जनावरात डुकरासारखं काय? ते बिथरलं की बघा. मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ ताठ उभी राहते, अंग एकदम मोठं दिसायला लागतं. रानडुकराच्या पाठीवरचे राठ केस आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नकोत. ग्रीकांनी नेमकं तेच हेरलं. शिवाय शब्द घडवला तो स्त्रीलिंगी, सिंहिणीला ‘लेआइना’ म्हणतात तसा. तरस नराचं मादी होतं, अशीही तिकडं समजूत होती. ॲरिस्टॉटलनं ती खोडून काढली.

आपल्या मराठवाड्याच्या शिवेवर तर नावं कोसा-कोसानं बदलतात. उमरग्याच्या पलीकडं कानडीत ते कत्तेकिरुब. कत्ते म्हणजे गाढव. देगलूर-बिलोलीकडून तेलंगणात उतरलं की दुम्मुलगोंडी. यातलं दुम्मु म्हणजे हाड.

मला विचाराल तर तरसाला खरं ओळखलं ते तेलुगूनं. गावाबाहेर टाकलेल्या ढोराचं मांस कुत्री-कोल्ही संपवतात. तरस येतं ते उरलेल्या सांगाड्यासाठी. मांडीचं जाड हाड दाढेत धरून कडाकडा फोडतं, आतला मगज खातं, हाडसुद्धा पचवतं. त्याच्या गुहेच्या तोंडाशी वाळलेली विष्ठा पडलेली असते. उचलून बोटानं चुरगाळली, तर हाताला चुन्यासारखी पांढरी भुकटी लागते.