एका वेळी एकच चूक

[दृश्य : नाशिक, गंगापूर रोड, पहाट. गॅलरीतली खुर्ची, मांडीवर कागदांचा गठ्ठा.]

साडेपाच वाजलेत. लेखिका आपल्याच कादंबरीचा खर्डा चुका शोधण्यासाठी मोठ्याने वाचताहेत. पुटपुटणे नाही, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असे वाचन. जिथे श्वास अडखळतो तिथे समासात पेन्सिलीची उभी रेघ. दुरुस्ती मात्र आत्ता नाही. तिच्यात गुंतले की पुढच्या पानाची लय कानातून जाते. रोज 25 पाने. त्यापुढे डोळे चुका सोडून गोष्टच वाचू लागतात.

छपाई एकपाठी, अक्षर 14 पॉइंटचे, ओळींत दुप्पट अंतर, डावीकडे 2 इंच समास. कागद जास्त लागतो, लागू दे. पडद्यावर नजर घसरत जाते आणि सुटलेली मात्रा सुटलेलीच राहते.

[दृश्य : टेबल. लाल पेन, निळे पेन, पेन्सिल.]

लाल म्हणजे काढायचे, निळे म्हणजे दुसरीकडे हलवायचे, पेन्सिल म्हणजे शंका. राहून गेलेल्या शब्दासाठी हंसपद, म्हणजे तो कुठे घालायचा ते दाखवणारी खूण. एका फेरीत एकाच जातीची चूक धरायची. आज फक्त क्रियापदे. पात्रांच्या तोंडी 'केलं', 'गेलं'. निवेदनात 'केले', 'गेले'. संवाद संपून निवेदन सुरू होते त्या पहिल्या ओळीत घोटाळा हमखास, कारण लिहिताना कानात अजून पात्रच बोलत असते.

[दृश्य : भिंतीवरचा तक्ता. कॅमेरा रकान्यांवरून सावकाश.]

प्रकरण, तारीख, तिथी, शेतातले काम, पात्राचे वय. सगळ्यात जास्त चुका या तक्त्याने पकडल्या. कादंबरीत 2008चा गोदावरीचा पूर आहे. पहिल्या खर्ड्यात त्याच रात्री गणपती विसर्जनाची मिरवणूक निघत होती. शके 1930चे पंचांग उघडले. अनंत चतुर्दशी 14 सप्टेंबरला, पूर 19ला. म्हणजे पितृपक्ष. ढोल गेले, घरात श्राद्धाचा स्वयंपाक आला, आणि पाहुण्यांची अख्खी यादी बदलली.

दुसरी चूक निफाडच्या द्राक्षबागेतली. श्रावणात वेलीला घड लटकत होते. नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी एप्रिलमध्ये, घडांसाठीची फळ छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि माल त्यानंतर साधारण चार महिन्यांनी. श्रावणात वेलीवर पाने आणि काड्याच असायच्या. शहरातला वाचक कदाचित पुढे वाचत जाईल. बागायतदार तिथेच पुस्तक मिटेल.

[दृश्य : गोदाघाट, संध्याकाळ. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती.]

पूर किती, हे नाशिककर या मारुतीकडे बघून सांगतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. कादंबरीत चढत्या पुराचे पाणी छातीवरून पुन्हा कमरेवर आले होते. दोन प्रकरणांची अदलाबदल झाली आणि पाण्याची खूण जुन्याच जागी राहिली. म्हणून निळ्या पेनाने काही हलवले, की आधीचे आणि नंतरचे पान त्याच दिवशी पुन्हा वाचायचे.

[दृश्य : संगणक, दुपार.]

कागदावरच्या दुरुस्त्या दुपारी संगणकात जातात. फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख. जुनी फाइल पुसायची नाही. इथे मराठीची स्वतःची एक खोड आड येते. पात्राचे आडनाव बदलायचे म्हणून 'पाटील' शोधून बदलले, तरी 'पाटलांनी', 'पाटलाच्या', 'पाटलीणबाई' जिथल्या तिथे. अशी बदललेली रूपे हाताने शोधावी लागतात. 'दुसऱ्या'मधला र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखाच, पण शोध एकालाच सापडतो.

[दृश्य : वहीतला हिशेब.]

शब्द 90,000. डेमी या पुस्तकी आकारात पानाला साधारण 300 धरले तर 300 पाने, वर सुरुवातीची 8. छपाईत एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा, इथे 16 पानांचा. 19 फर्म्यांत 304 पाने बसतात, म्हणजे 4 पाने विसाव्यात सांडतात आणि 12 कोरी राहतात. म्हणून त्या 4 पानांचे 1,200 शब्द कापायचेच. आधी 'जणू', 'एकदम', 'अचानक'; मग पात्रांनी आधीच करून दाखवलेले जे निवेदन पुन्हा समजावते ते सगळे. एक आजी पात्र म्हणून पूर्ण गेली. पुस्तक एक हंगाम लांबले, प्रकाशकाने ते मान्य केले.

[दृश्य : प्रुफाचा, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीचा, गठ्ठा.]

अक्षरजुळणीत मजकूर जुन्या फॉन्टमध्ये जातो तेव्हा जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे फुटतात. म्हणून पहिले प्रूफ मूळ प्रतीशी ओळीला ओळ लावून वाचायचे: एकाने मूळ वाचायचे, दुसऱ्याने प्रूफ धरायचे. दुसऱ्या प्रुफात फक्त बदललेली ओळ पाहून भागत नाही, परिच्छेद शेवटपर्यंत पाहायचा, कारण एक शब्द वाढला की खालच्या सगळ्या ओळी सरकतात आणि प्रकरणाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते.