तेल दगडात असतं

मंडळी, जमिनीखाली तेलाचं तळं असतं हे डोक्यातलं चित्र आधी पुसून टाकू. या टेबलावर दोन दगड आहेत. एक काळा बेसाल्ट, आपल्या नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीचा असतो तसा. दुसरा कामठीकडचा वालुकाश्म. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकते. बेसाल्टवरचा तसाच बसलाय. वालुकाश्मावरचा बघता बघता आत मुरला, वर नुसता ओला डाग राहिला. तेल राहतं ते अशा दगडाच्या बारीक पोकळ्यांत, शेकडो-हजारो मीटर खोल. 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या फलाटावरून १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात जो साठा सापडला, त्या मुंबई हायचं तेलही मुख्यतः चुनखडकातच आहे.

दगडात पोकळी किती, ही झाली सच्छिद्रता. पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतील तर तेल असूनही हलणार नाही. ते किती सहज वाहील, ही पार्यता, आणि तिचं एकक डार्सी. हेन्री डार्सी हे फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी पुरवणारे इंजिनीअर. वाळूतून पाणी कसं झिरपतं याचे प्रयोग त्यांनी १८५६ साली प्रसिद्ध केले. भूजलवाल्यांचं आणि आमचं, म्हणजे तेलसाठ्याचा अभ्यास करणाऱ्या रिझर्व्हॉयर इंजिनीअरांचं, गणित एकाच ठिकाणी सुरू होतं.

आता हिशेब. समजा, थर १० चौरस किलोमीटर पसरलाय आणि २० मीटर जाड आहे. म्हणजे २० कोटी घनमीटर दगड. सच्छिद्रता २० टक्के धरली तर पोकळी ४ कोटी. त्यातलं ३० टक्के पाणी वजा केलं की उरलं २.८ कोटी. तेल वर येताना त्यात विरघळलेला वायू निघून जातो आणि ते आकसतं, त्यासाठी १.४ ने भागा. हाती २ कोटी घनमीटर, म्हणजे साधारण साडेबारा कोटी बॅरल. हे सगळं मिळतं का? नाही. जगभरचा अनुभव ढोबळमानाने एक-तृतीयांशाचा आहे. बाकीचं दगडालाच चिकटून राहतं. आपला देश ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, म्हणून या राहिलेल्या तेलाबद्दल मला फार पोटतिडकीने बोलावंसं वाटतं.

तेल वर ढकलतो तो दाब. सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे येतात, तसाच साठ्यातला दाब एका मर्यादेखाली गेला की तेलातला वायू सुटतो. तो पातळ, म्हणून विहिरीकडे आधी पळतो. तेल घट्ट होऊन मागे राहतं. खालून पाण्याचा आधार असेल आणि आपण हावरटासारखं उपसलं, तर पाणीच शंकूसारखं वर चढतं आणि विहीर पाणी ओकू लागते. म्हणून दाब सांभाळायला दुसऱ्या विहिरींतून थरात पाणी सोडतात. मुंबई हायमध्ये समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून वापरतात. कुठल्या विहिरीतून किती काढायचं, कुठे किती भरायचं, हे ठरवणं हेच रिझर्व्हॉयर इंजिनीअरचं खरं काम.

त्यासाठी मला सगळ्यांत आवडणारी चाचणी म्हणजे चालती विहीर बंद करणं. तळाशी दाबमापक सोडायचा आणि दाब परत कसा चढतो ते बघत बसायचं. त्या दाबाच्या आलेखातल्या रेषेच्या उतारावरून पार्यता कळते. पुढे रेषेचा उतार दुप्पट झाला, तर जवळपास प्रवाह अडवणारा भूभ्रंश, म्हणजे थर तुटून सरकलेली भेग, असावा, असा अंदाज बांधता येतो. विहिरीत न उतरता एवढं कळतं! पण उत्पादन पाहणारे वैतागतात, विहीर बंद म्हणजे त्या दिवसाचं तेल गेलं. त्यांचंही बरोबर असतं. तरी इथे इंजिनीअरने मागे हटू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग संगणकावर साठ्याची प्रतिकृती उभी करतात आणि तिच्याकडून आधी मागच्या वर्षांचं उत्पादन वदवून घेतात. ते जुळलं तरच पुढचा अंदाज. गंमत अशी की वेगवेगळ्या प्रतिकृती एकाच इतिहासाशी जुळू शकतात. त्यामुळे साठा किती असं विचारल्यावर एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही तीन देतो: बहुधा एवढं मिळेलच, मिळण्या-न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असलेलं, आणि सगळं मनासारखं घडलं तरच मिळणारं. नवी विहीर खोदली की तिन्ही पुन्हा मांडतो.